शंभर ग्रॅमचा बदली मास्तर

मी बदली मास्तर बोलतोय. नावावरून मी शाळेतला कोणी वाटेन, पण मी एक पुरचुंडी आहे. जाड कापडाची, मुठीत मावेल एवढी, तोंडाशी नाडी ओवलेली. पोटात पक्षी खातात ते बारीक, गोल दाणे. एका जुन्या तराजूचं शंभर ग्रॅमचं पितळी वजन हरवलं, तेव्हा त्याच्या जागी मला बसवण्यात आलं. नवीन वजन येईपर्यंत, असं ठरलं होतं. ते नवीन वजन अजून यायचंय.

माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका, हे आधीच सांगून टाकतो. आज माझ्या पोटात जे दाणे आहेत, त्यांतला एकही सुरुवातीपासूनचा नाही. कापड तेवढं तेच आहे. मग मला जे आठवतं ते नेमकं कोणाला आठवतं, कापडाला की दाण्यांना? मी यावर पुष्कळ विचार केला आणि दर वेळी वेगळ्याच उत्तराला पोचलो. त्यातही एका दिवसाबद्दल माझी शंका कधी फिटली नाही. घरच्या बाईंनी पोपटांसाठी खाण्याचा शेवटचा घाणा काढला, त्या दिवशी मी पुरता शंभर ग्रॅम होतो की नव्हतो? एवढं एकच मला खात्रीने जाणून घ्यायचं होतं. पण ते शेवटी. आधी घर सांगतो.

घर चौथ्या मजल्यावरचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाई एका मोठ्या इस्पितळाच्या औषधालयात होत्या. त्यांच्या तरुणपणी चूर्णं आणि मलमं तिथेच तोलून, खलून तयार व्हायची. पुढे सगळं तयार पाकिटांतून येऊ लागलं आणि तराजू अडगळीत गेला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा, निरोपाला काय देऊ, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी तराजू मागितला. त्यांचे यजमान शिंपी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन होतं. मशीनसमोर पिंजरा, आणि पिंजऱ्यात दोन करडे पोपट, शेपट्या तेवढ्या लालभडक.

एकाचं नाव वकील. तो दिवसभर युक्तिवाद करायचा. शिंप्याचं गिऱ्हाईक आलं की, "कधी देणार? कधी देणार?" असं गिऱ्हाइकाच्याच आवाजात विचारायचा. दुसरी मौनी. ती बोलत नसे. एक आवाज मात्र ती हुबेहूब काढायची, पितळी वजन पितळी पारड्यात ठेवल्यावर होतो तो. टण्.

एक रविवार सोडून बाई पोपटांचा घाणा काढायच्या. हा शब्द त्यांचाच. तळण नसताना घाणा कसला, असं शिंपी म्हणायचे. बाई म्हणायच्या, "तुमच्या मशीनमधून तेल गळतं तेवढंसुद्धा माझ्या घाण्यात नसतं. म्हणून तर तो चांगला." तेल नाही, मीठ नाही, कांदा नाही. कडधान्यं आदल्या दिवशी भिजत घातलेली असत. ती मऊ शिजवून निथळायची. जाडसर दळलेलं धान्य मोकळं शिजवायचं. गाजर आणि लाल भोपळा किसायचा. पालेभाजी धुऊन, फडक्यावर कोरडी करून इतकी बारीक चिरायची की मौनीला नावडती पानं निवडून बाजूला टाकता येऊ नयेत. मक्याचे दाणे, मटार, सफरचंदाच्या फोडी. सफरचंदाची एकही बी राहता कामा नये, कारण ती पोपटांना विष. सगळं परातीत पसरून पूर्ण गार करायचं. गरम भरलं तर झाकणाला पाणी सुटतं आणि आंबतं, हे त्या शिंप्यांना दर वेळी सांगत आणि शिंपी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावत.

मग तोलायचं. एका डब्यात शंभर ग्रॅम, दोघांचा एका दिवसाचा. असे चौदा डबे बर्फाच्या कप्प्यात रचले जात. रोज सकाळी एक डबा काढून कोमट पाण्यात बुडवायचा आणि कोमट झाला की मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघायचं. तान्ह्या मुलाचं दूध बघतात तसं.

आणि रविवारीच पोपटांचंही वजन व्हायचं. मौनी पारड्यात शहाण्यासारखी उभी राहायची. तीनशे नव्वद. वकील चारशेच्या पुढे, आणि तोलताना स्वतःच, "कधी देणार?"

शंभराचं मूळ वजन वकिलानेच घालवलं. ओट्यावर उतरला, चोचीने ढकलत ढकलत त्याला खिडकीच्या कठड्यापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. खाली दुकानांची पत्र्याची छपरं. दणदण आवाज झाला, मग काहीच नाही. शिंपी खाली जाऊन तासभर शोधून आले.

"नाही मिळालं."

"जाऊ द्या. कोणाच्या डोक्यात नाही पडलं हेच खूप," बाई म्हणाल्या. "पन्नास, वीस, वीस, दहा मिळून होतात शंभर. पण डब्या-डब्याला चार चार वजनं चढवत बसले तर उरलेलीही हा पळवेल. आणि पोपट तोलायला तर सगळीच लागतात. तुम्ही मला एक पिशवी शिवून द्या."

शिंप्यांनी अस्तराचं जाड कापड घेतलं. माझा जन्म असा, कोटाच्या उरलेल्या अस्तरातून. पिशवी झाल्यावर त्यांनी विचारलं, "वाळू भरू?"

"वाळू? आणि उद्या वकिलाने फोडलं तर? पोटात वाळू गेली तर कोणाच्या दारात जायचं?"

"मग शिशाचे छर्रे आणतो. जड असतात, लहानशी होईल."

"अहो, शिसं? पोपट पाळायचेत की मारायचेत?"

"मग भरू तरी काय, तूच सांग बाई."

"त्यांना खाता येईल असं काहीतरी. फोडलं तर फोडलं. खातील."

असा मी भरला गेलो. जगातल्या कुठल्याही तराजूचं वजन कोणी दाण्यांचं करत नसेल. दाणा हवेबरोबर बदलतो. दमट दिवसांत पाणी धरतो, कोरड्या दिवसांत सुकतो. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चूर्णं तोलण्यात जन्म गेला होता त्यांचा. तरीही त्यांनी दाणेच भरले. माझ्यातल्या या खोटीकडे मी पुढे पुष्कळ वर्षं लाजेने पाहिलं. ती काळजीपोटी ठेवलेली खोट होती, हे कळूनही लाज गेली नाही.

पितळी वजनांच्या लाकडी पेटीत प्रत्येकाची एकेक खाच आहे. शंभराच्या खाचेत मी बसेना. बाईंनी मला वरच ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमचे बदली मास्तर. कायम होईपर्यंत बाकावर बसतील." नाव पडलं ते तिथे.

मला ठेवताना आवाज होत नसे. पितळ वाजतं, कापड काय वाजणार? पहिल्याच रविवारी बाईंनी मला पारड्यात ठेवलं आणि बाहेरून मौनीने आवाज केला. टण्. बाई हसल्या. पुढे दर वेळी तसंच. मी पारड्यात उतरायचो आणि माझ्या वाटचा आवाज मौनी काढायची. मला त्याचा फार आधार वाटायचा.

आता बाईंच्या हाताची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घाणा तोलायला घेण्याआधी त्या माझी नाडी सोडायच्या. मला हातात घेऊन पिंजऱ्यापाशी जायच्या, चिमूटभर दाणे काढायच्या आणि दोघा पोपटांना तळहातावर द्यायच्या. मग ओट्याकडे परत यायच्या, मला एका पारड्यात ठेवायच्या, समोर पन्नास, वीस, वीस, दहा, आणि बरणीतले ताजे दाणे माझ्या तोंडातून एकेक करून सोडत राहायच्या, काटा मधोमध येईपर्यंत. जुने थोडे जायचे, नवे थोडे यायचे. मला कीड लागली नाही आणि मी खोटाही ठरलो नाही, ते यामुळे.

शिंप्यांच्या मशीनवरून पिंजरा दिसायचा. ओट्याचा तो कोपरा दिसायचा नाही. बायको मास्तरांच्या पोटातून दाणे काढते आणि पोपटांना भरवते, एवढं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. पाठ फिरवून ती काय करते, ते त्यांना कधी दिसलं नाही, आणि बाईंनाही कधी सांगावंसं वाटलं नाही. इतक्या लहान गोष्टी माणसं एकमेकांना सांगत नसावीत.

बाई आजारी पडल्या. पाय सुजले, दम लागू लागला. तरी घाणा चुकला नाही. शेवटच्या वेळी त्या स्टुलावर बसून चिरत होत्या आणि हात कापत होता. शिंपी मशीन सोडून दारात उभे राहिले.

"मी करू का?"

"तुम्ही कापड कापा. भोपळा माझा मी कापते."

थोड्या वेळाने त्यांनी माझी नाडी सोडली. चिमूट काढली. पोपटांपर्यंत चालवेना, म्हणून शिंप्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती पिंजऱ्यात दिली. नंतर बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी ओट्याला धरलं. त्यानंतर बरणी उघडली गेली का? दाणे माझ्यात पडले का? मला आठवत नाही. हाच तो दिवस. मला बरणीचं झाकण आठवतं, पण ते त्या दिवसाचं की आधीच्या कुठल्या रविवारचं, हे सांगता येत नाही.

इस्पितळात जाताना जिना उतरण्याआधी त्या शिंप्यांना म्हणाल्या, "घर कसंही ठेवा. पोपटांचं वजन तेवढं उतरू देऊ नका."

"नाही उतरू देणार," शिंपी म्हणाले.

बाई परत आल्या नाहीत.

त्यांच्या हातचे डबे शिंप्यांनी पोपटांना दिले. शेवटचा एक राहिला तेव्हा तो कोमट पाण्यात बुडवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी तो दोन पिशव्यांत गुंडाळला आणि बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे सरकवला. मग परात काढली.

शिंपी काम मन लावून करायचे. कडधान्यं भिजवली, भोपळा किसला, सफरचंदाच्या बिया चष्मा लावून शोधल्या. तोलायच्या वेळी त्यांनी मला हातात घेतलं, नाडी सोडली, चिमूटभर दाणे काढले, पिंजऱ्याशी गेले आणि दोघांना भरवले. डोळे भरून आले होते. परत येऊन त्यांनी नाडी बांधली आणि मला पारड्यात ठेवलं.

बाहेरून आवाज आला. टण्.

तुम्हाला कळलं असेल. दर घाण्याला एक चिमूट बाहेर आणि आत काही नाही. बायकोची आठवण म्हणून ते हे न चुकता करायचे, आणि जितक्या प्रेमाने करायचे तितका मी रिता होत होतो. मी ओरडलो असतो, पण कापड वाजत नाही.

माझी झीज हळूहळू झाली. पहिल्या काही महिन्यांत कोणाला काही दिसलं नसतं. मग डबे वाढू लागले. तेवढ्याच सामानात चौदाच्या जागी पंधरा भरले, पुढे सतरा. शिंप्यांनी नवीन डबे विकत आणले. मुलगी दुसऱ्या गावी असते. ती फोन करायची तेव्हा ते फोन ओट्यावर उभा करून बोलत.

"आज एकोणीस झाले. तुझ्या आईचे चौदाच व्हायचे."

"बाबा, तुमच्या हाताला बरकत आहे."

"बरकत कसली. ती सैल भरायची. मी दाबून भरतो. कापड बेततो तसं."

"आईसमोर म्हणाला असतात का हे?"

"समोर असती तर घाण्याला हात लावू दिला असता का तिने?"

दोघं हसायचे. मला त्या हसण्याचं काय करावं कळत नसे.

दर रविवारी पोपट तोलले जात. मौनी पारड्यात उभी राही. समोर दोनशे, मी, पन्नास, वीस, वीस. काटा मधोमध. "तीनशे नव्वद," शिंपी मोठ्याने म्हणत, बाईंना ऐकू जावं तसं. जेवण तोलणारा मी आणि जेवणाऱ्याला तोलणाराही मीच. मी जेवढा घटत होतो तेवढंच तिचं घटणं माझ्यामागे झाकलं जात होतं. याला बनाव म्हणावं तर त्यात कोणाचाच हेतू नव्हता. वकिलाचा काटा तर वरच चढत होता, कारण तो शिंप्यांच्या ताटातून पाव आणि अंडं युक्तिवाद करून मिळवायचा. मौनीने कधी काही मागितलं नाही.

म्हणजे मागितलं. पण कोणाला कळलं नाही. आधी ती मी पारड्यात उतरलो की आवाज करायची. आता दुपारी करू लागली. संध्याकाळी करू लागली. टण्. टण्. शिंपी मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहत. "आठवण येते ना तिची?" ते म्हणत. "मलाही येते." मग खुर्ची ओढून तिच्यापाशी बसत आणि बाईंच्या गोष्टी सांगत. मौनी पिंजऱ्याच्या गजाला चोच लावून ऐकायची. मला वाटायचं, ही भुकेली आहे. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? मी स्वतःच्या वजनाबद्दलसुद्धा ठाम बोलू शकत नव्हतो.

एका सकाळी मौनी दांडीवरून खाली उतरली ती वर चढलीच नाही. पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. शिंप्यांनी तिला टोपलीत घालून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही होतो त्यांच्या कोटाच्या खिशात. का, ते त्यांनाच माहीत. अलीकडे ते मला खिशात ठेवू लागले होते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवरून बोट फिरवलं. "काका, हाड लागतंय हाताला. खाते का नीट?"

"खाते ना. रोजचा डबा चाटूनपुसून संपतो."

त्यांनी तिला आपल्या काट्यावर ठेवलं. "साडेतीनशे. आधी किती असायची?"

"तीनशे नव्वद. काल रविवारीच तोललंय मी. तीनशे नव्वदच."

"काल तीनशे नव्वद असेल तर आज साडेतीनशे कशी होईल? तुमचा काटा बघून घ्या एकदा."

शिंपी शांत माणूस. पण त्यांचा आवाज चढला. "माझा काटा? त्या काट्यावर माझ्या बायकोने माणसांची औषधं तोललीत. तुमचं हे बॅटरीवर चालणारं बघून घ्या तुम्ही."

"घेते," त्या म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक वजन काढून काट्यावर ठेवलं. आकडा बरोबर आला. त्यांनी वजन परत कपाटात ठेवलं. औषधाची बाटली दिली, आणि म्हणाल्या, "आजपासून पोटभर द्या, काका. तोलून नाही, पोटभर. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी येऊन शिंप्यांनी मौनीला उबदार फडक्यात बसवलं. मग ओट्याशी आले. दांडी तपासली. पारडी अदलाबदल करून पाहिली. रिकामा तराजू समतोल उभा होता. त्यांनी खिशातून मला काढलं, पारड्यात ठेवणार, आणि थांबले.

मला त्यांनी अंगठ्याने दाबलं. कापडाला सुरकुत्या पडल्या होत्या. नाडीखाली कापडाचा झोळ लोंबत होता. ही सैल पिशवी त्यांनी शिवली नव्हती. त्यांनी गच्च बसेल अशी बेतली होती, दाणा हलणार नाही अशी.

ते हळू म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाळलात की हो."

त्यांनी मला एका पारड्यात ठेवलं. समोर पन्नास, वीस, वीस, दहा. माझं पारडं वर जाऊन थडकलं. त्यांनी एक विसाचं वजन उचललं. मग दुसरं. पन्नास आणि दहा उरले तेव्हा काटा मधोमध आला.

शिंपी स्टुलावर बसले. बाईंच्या स्टुलावर. त्यांची नजर बरणीवर गेली, मग दारातून दिसणाऱ्या मशीनकडे, मग परत बरणीवर. मशीनवरून ही बरणी दिसत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. निदान मला तसं वाटलं. त्यांनी बरणी उघडली आणि माझ्यात दाणे सोडायला सुरुवात केली. किती तरी दाणे. मी भरत गेलो. काटा मधोमध आला तेव्हा बाहेरून काहीच आवाज आला नाही. मौनी डोळे मिटून बसली होती.

ते उठले आणि दोन डबे कोमट पाण्यात बुडवले.

मौनी जगली. तिला पूर्ववत व्हायला बरेच महिने लागले. आधी शिंपी चमच्याने भरवायचे, मग ती वाटीत तोंड घालू लागली, मग दांडीवर चढली. डॉक्टरीणबाईंकडच्या काट्यावर तिचं वजन पुन्हा जुन्या आकड्याला टेकलं, त्या दिवशी शिंप्यांनी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो काका, माझ्याशी तर लोक याहून जास्त भांडतात."

पण शिंप्यांच्या मनातलं शल्य गेलं नाही. मुलगी भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. मला हातात धरून सांगितलं. तिला वडिलांची दया आली आणि ती धीर द्यायला गेली.

"बाबा, सगळं तुमच्यावर घेऊ नका. आईपासूनच कमी होत आलं असेल. शेवटी शेवटी तिचा हात किती कापायचा, आठवतं ना? तिलाही भान राहिलं नसेल."

शिंप्यांनी मला मुठीत आवळलं. ते म्हणाले, "तसं म्हणू नकोस."

"मी दोष नाही देत तिला. आजारी होती ती."

"आजारी होती. पण तसं म्हणू नकोस."

मुलगी परत गेली, पण ते वाक्य घरात राहिलं. स्वतःची चूक शिंप्यांनी स्वीकारली होती. पण बाईंनी शेवटच्या घाण्यात पोपटांना कमी भरवलं असेल, ही गोष्ट त्यांना सोसेना. आणि मी तर त्या दिवसाचा एकमेव साक्षीदार, ज्याला नेमकं तेवढंच आठवत नव्हतं. खोकला, ओट्याला धरलेला हात, आणि पुढे कोरं.

खरं तर पुरावा घरातच होता. बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे, दोन पिशव्यांत गुंडाळलेला. शिंप्यांना तो त्याच दिवशी तोलता आला असता. ते कप्पा उघडायचे, हात आत घालायचे, पिशवीला बोट लावायचे आणि मटारचं पाकीट घेऊन हात बाहेर काढायचे. मी समजू शकतो. शंका घेऊन जगता येतं; मी जन्मभर तेच केलं. पण तोलल्यावर काटा एकीकडे गेला तर मागे फिरता येत नाही.

अशी वर्षं गेली. शिंप्यांनी मशीन विकलं. नजर साथ देईना. मशीनच्या जागी खुर्ची आली, आणि ती त्यांनी अशी ठेवली की तिथून ओट्याचा कोपरा दिसावा. आता तिथे बघण्यासारखं कोणी नव्हतं, कारण घाणा तेच काढत. माझी नाडी सुटे, चिमूट पोपटांना जाई, आणि चिमूट बरणीतून परत येई. चौदा डबे. एकही जास्त नाही. बदली मास्तर म्हणून माझी नोकरी पुन्हा नीट चालू झाली. मौनीही पुन्हा माझ्या वाटचा आवाज काढू लागली, पण फक्त रविवारी.

माझं एक मागणं आहे. मोठं नाही. कोणाची जागा घ्याल तेव्हा त्यांच्या हाताचं जे तुम्हाला दिसलं, तेवढंच होतं असं धरू नका. दुसरा हात काय करत होता, तेही विचारा. आणि विचारायला माणूस उरलं नसेल तर निदान महिन्यातून एकदा मला पितळी वजनांसमोर तोलून बघा. मी आपला सांगतो. माझ्या सांगण्यात तथ्य किती, हे तुम्हीच ठरवा.

आता शेवटचं. ऐन उकाड्याच्या दिवसांत एका सकाळी फ्रीज बंद पडला. शिंपी उठले तोवर खाली पाणी साचलं होतं. दुरुस्तीवाला आला, मागचं पॅनेल उघडून म्हणाला, "आजोबा, हा आता नाही होत. मरू द्या याला." शिंप्यांनी कप्पा रिकामा करायला घेतला. सगळ्यात शेवटी तो डबा. बाहेरून ओला, आत अजून दगड.

आता दोनच वाटा होत्या. तोलायचा, नाहीतर न तोलता फेकायचा. तासाभराने पाणी सुटलं असतं, पिशवीतून ओघळलं असतं, आणि बाईंनी किती भरलं होतं हे मग कोणालाच कळलं नसतं.

शिंपी डबा हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पिशव्या सोडल्या, डबा बाहेरून नीट पुसला. झाकण घट्ट होतं; आतला बर्फ आतच होता. डब्याच्या भारासाठी त्याच मापाचा एक रिकामा डबा झाकणासकट समोरच्या पारड्यात ठेवला. मग मला घेतलं. आधी माझी परीक्षा झाली; पन्नास, वीस, वीस, दहा, काटा मधोमध. मी पुरता होतो. शिंप्यांनी पितळी वजनं बाजूला काढून पेटीत ठेवली, मला रिकाम्या डब्यावर ठेवलं, आणि समोर बाईंचा शेवटचा डबा.

दांडी हलली. खाली, वर, पुन्हा खाली. शिंप्यांनी ओट्याला धरलं होतं, बाईंनी धरलं होतं त्याच जागी. मी त्या डब्यासमोर लोंबकळत होतो आणि मला एवढंच वाटत होतं की मी चुकीचा निघालो तरी चालेल, ती निघू नये.

बाहेरून मौनीने आवाज केला. टण्.

काटा मधोमध थांबला. शिंप्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून पाहिलं. मग मुलीला फोन लावला. ती काही विचारायच्या आत ते म्हणाले, "तुझ्या आईचं बरोबर होतं. चूक माझीच होती. फक्त माझी." एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज इतका हलका ऐकला नव्हता.

त्या दिवशी, खोकल्याची उबळ ओसरल्यावर, बरणी उघडली गेली होती. बाईंच्या शेवटच्या डब्यात शंभर ग्रॅम होते.